निशिगंधाचा अंमल

पांढऱ्या फुलांची खरी वेळ दिवेलागणीची. जाई, जुई, मोगरा, अनंत, रातराणी, निशिगंध. यांतल्या बहुतेकांचं गिऱ्हाईक अंधारात उडणारं असतं. पतंगांना रंग दाखवून फारसा उपयोग नाही, त्यांना मुख्यतः वासानेच ओढून आणावं लागतं. म्हणून दिवसभर हात राखून असलेली ही फुलं संध्याकाळ झाली की सढळ होतात. माझ्याकडे असलेलं एक जुनं फ्रेंच परफ्यूम मीही याच वेळी लावते. त्याचं नाव फ्राका. 1948 साली पॅरिसमध्ये रोबेर पिगे या फॅशनकाराच्या नावाने ते निघालं, आणि निशिगंधाचं परफ्यूम म्हटलं की आजही जाणकारांच्या तोंडी पहिलं नाव याचंच येतं.

माझ्याकडची बाटली मावशीची. काका बोटीवर होते. 1970च्या दशकात कधीतरी युरोपातल्या कुठल्याशा बंदरावरून त्यांनी ती आणली. मावशीने ती दादरच्या घरी लोखंडी कपाटात, रेशमी साड्यांच्या मागे ठेवली आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच राहू दिली. घरात लग्नकार्य असलं की बूच काढायचं, त्याची काचेची दांडी कानामागे टेकवायची, पुन्हा घट्ट लावायचं. आम्ही भाच्या भोवती जमायचो. "अगं, हे फासायचं नसतं, टेकवायचं असतं," असं ती म्हणायची आणि एकेकीच्या मनगटाला दांडी नुसती लावल्यासारखी करायची. काका गेल्यावर तिने ते लावणं सोडलं. पुढे एकदा कपाट आवरताना बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "वासाचं वेड तुलाच आहे. तू ने."

अंगठ्याएवढी बाटली. फ्रान्समध्ये तेव्हा चांगल्या परफ्यूमच्या बुचावर एक पातळ पापुद्रा ताणून बसवत आणि मानेभोवती दोरा गुंडाळत. हा पापुद्रा जनावराच्या आतड्यापासून केलेला असे; तो वाळला की बुचाला अंगासरशी बसे आणि हवेला वाट राहत नसे. पापुद्रा कधीच फाटला, पण त्या दोऱ्याचा एक काळा धागा अजून मानेला चिकटून आहे. आतला द्रव मुळात फिकट असणार. आता कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला आहे. पांढऱ्या फुलांची परफ्यूम अशी काळवंडतातच, आणि नुसत्या रंगावरून त्यांना बाद करू नये.

बाटलीच्या तोंडाला नाक लावूनही निकाल देऊ नये. बुचाला आणि मानेला जो थर चिकटलेला असतो, त्याने सर्वांत जास्त हवा खाल्लेली असते. तिथे खवट वास येणारच. कागदाच्या पट्टीवर थोडं अधिक कळतं, पण कागदाला ऊब नसते, स्निग्धता नसते. परफ्यूम त्वचेवरच पारखावं, आणि एका बैठकीत पारखू नये. चांगलं परफ्यूम सहा-आठ तास बोलत असतं. दुकानात उभ्या उभ्या फवारा मारून पहिल्या क्षणाला "छान आहे" म्हणणं म्हणजे मैफलीत तंबोरे जुळताना ऐकून उठून जाणं.

तर दांडी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, चोळायचं नाही, आणि हात थोडा वेळ लांब ठेवायचा. आधी अल्कोहोल उडून जातं. त्यानंतर जे येतं ते सुखाचं नाही: नेलपॉलिश पुसायच्या द्रावासारखा झोंबरा वास आणि मागोमाग वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. इथे मुळात बर्गमॉट आणि मँडरिनची तेलं होती. लिंबू-संत्र्याच्या कुळातली ही तेलं हवा आणि उजेड लागला की सर्वांआधी बिघडतात. पन्नास वर्षांच्या बाटलीत ती टवटवीत सापडतील ही अपेक्षाच धरू नये. जुन्या परफ्यूमची सुरुवात गेलेली असते हे मान्य करून पुढे बसून राहायचं; अर्धवट माहितीच्या लोकांनी याच टप्प्यावर कितीतरी चांगल्या बाटल्या मोरीत ओतल्या असतील.

दहाएक मिनिटांनी त्या कडवटपणाखालून संत्र्याचा मोहोर डोकावतो. मधाळ, किंचित साबणी. त्याच्या पाठोपाठ निशिगंध येतो, आणि तो डोकावत वगैरे नाही. सरळ आत येऊन बैठक मारतो. दाट, लोण्याचा गोळा हातात घ्यावा इतका दाट. त्यात ओल्या खोबऱ्याची गोडी आहे आणि पिकलेल्या पीचच्या सालीवरची लव आहे. ही दुधाळ गोडी लॅक्टोन नावाच्या वर्गातल्या रसायनांची. नारळात, पीचमध्ये, लोण्यात आणि निशिगंधातही ती असतात, म्हणून हे सगळे वास एकमेकांत बेमालूम मिसळतात. या दाटपणाच्या आत जाईच्या जातीचा एक उजळ, टोकदार वास आहे, आणि सगळ्याच्या पाठीशी कंदाचा कोरडा, भुकटीसारखा वास: आयरिसच्या मुळाचा. फ्राकाचं मोठेपण मला इथे दिसतं. इतकी गोडी, इतकं लोणी, तरी चिकट होत नाही. तो कोरडा भाग प्रत्येक वेळी वेळेवर येऊन गोडीला आवरतो.

खरं फूल शेजारी ठेवून हे परफ्यूम हुंगायची सोय आपल्याला आहे, पॅरिसच्या बाईला ती सहज नसते. मंडईतून निशिगंधाचे दांडे आणताना एकेरी पाकळ्यांचे मागून घ्यावेत. दुहेरी पाकळ्यांचा दिसायला भरगच्च, फुलदाणीला शोभतो, पण वासाला कमी. हारवाल्यांचा आणि अर्क काढणाऱ्यांचा निशिगंध एकेरीच. दुपारी आणलेले दांडे पाण्यात ठेवले की सूर्य मावळेपर्यंत ते जेमतेम वास देतात. मग दांड्यावरची खालची फुलं उमलतात आणि खोलीचा नूर पालटतो. फुलाजवळ नाक नेलं तर पहिल्यांदा काकडीसारखा हिरवा गारवा लागतो, त्यात विंटरग्रीनच्या तेलाची थंड झाक. गुडघ्याला चोळायच्या मलमात जो वास असतो तोच, कारण रसायनही तेच: मिथाइल सॅलिसिलेट. इतक्या नाजूक फुलात मलमाचा वास आहे हे एकदा ध्यानात आलं की निशिगंध हुंगताना तो दर वेळी सापडतो.

फ्राकामध्ये हा मलमाचा भाग मागे ढकलला आहे आणि लोणी पुढे आणलं आहे. दांड्याचा हिरवेपणा फार थोडा ठेवला आहे. फूल आणि मनगट आळीपाळीने हुंगत राहिलं की कळतं, हे फुलाचं छायाचित्र नाहीच. फुलाला जे एका अंगणापुरतं म्हणायचं होतं ते इथे नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं आहे. एद्विज फयेर या फ्रेंच नटीला डोळ्यांपुढे ठेवून ते केलं असं सांगितलं जातं; ते खरं असो वा नसो, वासाचा आवाका रंगभूमीचाच आहे.

निशिगंधाबद्दल बोलताना एक गोष्ट टाळून चालत नाही. रात्री माळलेला मोगऱ्याचा गजरा सकाळी उशीवर सापडतो. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या, दोरा मऊ पडलेला. त्याचा वास आठवा. गोड तो आहेच, पण रात्रीत त्यात अंगाचं काहीतरी उतरलेलं असतं. दमट, ऊबदार, डांबराच्या गोळीकडे झुकणारं. या भागाचं नाव इंडोल. मोगरा, जाई, निशिगंध, संत्र्याचा मोहोर या सगळ्यांत ते असतं, आणि विष्ठेतही तेच असतं. किंचित असलं तर फूल जिवंत वाटतं, जास्त झालं तर घाण. पांढऱ्या फुलांचं परफ्यूम करणाऱ्याची सारी कसोटी या एका थेंबावर आहे. तो थेंब काढून टाकला की उरतो तो धुतलेल्या टॉवेलचा पांढरेपणा. गेल्या काही दशकांत बाजारात आलेली कितीतरी पांढरी परफ्यूम मला अशी धुतलेली वाटतात. वाईट नाहीत, पण ती लावून बाहेर पडलं तर अंगाला फूल लावल्यासारखं वाटत नाही, आंघोळ केल्यासारखं वाटतं. फ्राकाने तो थेंब ठेवला आहे, आणि जुन्या बाटलीत तो वयाने आणखी गडद झाला आहे. मावशीची बाटली उघडल्यावर तासाभराने जो वास येतो त्यात फुललेला निशिगंध आणि उशीवरचा गजरा दोन्ही एकत्र असतात. मला या परफ्यूमची ओढ आहे ती यासाठी.

हे करणारी बाई कोण, हे सांगायलाच हवं, कारण बाटलीवर तिचं नाव कधीच नव्हतं. जर्मेन सेलिए. जन्म 1909चा, बोर्दोचा. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, नोकरी रूर या कंपनीत. परफ्यूमच्या धंद्यात वास रचणारे त्या काळी बहुतेक सगळे पुरुष. बायकांनी ते विकत घ्यावं आणि लावावं. सेलिएचं तिथल्या पुरुषांशी पटलं नाही, आणि पुढे कंपनीनेच तिला वेगळी प्रयोगशाळा काढून दिली. 1944 साली तिने याच पिगेसाठी बांदी केलं, चामड्याच्या कडू वासाचं. 1947 साली बाल्मँसाठी व्हाँ व्हेर, इतकं हिरवं की कापलेल्या देठांच्या ढिगात उभं राहिल्यासारखं. आणि 1948मध्ये हे. तिन्हींत साम्य एवढंच की एक वास उचलायचा आणि कुणाची भीड न धरता तो शेवटपर्यंत न्यायचा. तिच्या आधीची पांढरी फुलं सहसा घोळक्याने येत. गुलाबाच्या, जाईच्या सोबतीने, सभ्य अंतर राखून. फ्राकामध्येही आणखी फुलं आहेत, पण ती निशिगंधाच्या दरबारात उभी आहेत.

1948चं पॅरिस म्हणजे युद्ध संपून तीनच वर्षं झालेली, रेशनिंग अजून पुरतं उठलेलं नाही. आदल्याच वर्षी क्रिस्तियाँ दिओरने कित्येक वार कापडाचे घेरदार झगे आणून सगळ्या शहराला चकित केलं होतं. हा दिओर युद्धाआधी काही काळ पिगेच्याच हाताखाली काम करत होता. टंचाईनंतरच्या त्या हव्यासाचा वास कसा असेल असं कुणी विचारलं, तर मी ही बाटली पुढे करीन. पिगेचं दुकान 1951मध्ये बंद झालं, 1953मध्ये तो स्वतः गेला. कपडे संग्रहालयांत गेले. परफ्यूम लोकांच्या अंगावर राहिलं.

निशिगंधाचा वास बाटलीत उतरवणं हे मूळचं ग्रासचं कसब. दक्षिण फ्रान्समधलं हे गाव. तिथली फुलशेती, कच्चा माल ओळखण्याची विद्या आणि वास रचण्याची कला 2018 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. गुलाबाप्रमाणे निशिगंध भट्टीवर चढवता येत नाही, उष्णतेने त्याचा वास मोडतो. पण या फुलाचा एक गुण आहे: खुडल्यावरही ते वास बनवत राहतं. म्हणून ग्रासमध्ये लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचे आणि त्यावर एकेक फूल मांडायचे. फुलं दमली की उचलून नवी मांडायची. आठवड्यांमागून आठवडे असं चाललं की चरबी वासाने तृप्त होई, मग अल्कोहोलमध्ये घुसळून तो वास सोडवून घ्यायचा. जीव देणाऱ्या फुलाशी इतक्या सबुरीने वागणारी दुसरी रीत मला ठाऊक आहे ती आपल्याकडची: तिळाचे आणि चमेलीच्या फुलांचे थरावर थर रचायचे, फुलं बदलत राहायची, आणि वास प्यायलेले तीळ मग घाण्यात घालायचे. उत्तर प्रदेशात जौनपूर-गाझीपूरकडे चमेलीचं तेल असंच निघत असे. चरबीची ती पद्धत मजुरीला महाग पडली आणि मागे पडली. आता फुलं हेक्झेन या द्रावकात धुतात; शंभर किलो फुलांतून साधारण शंभर ग्रॅम मेणचट काँक्रीट मिळतं, त्यातून पुढे शुद्ध अर्क निघतो तो त्याहूनही थोडा.

ग्रासमधली निशिगंधाची शेतं आता थोडी उरली आहेत. जगाला लागणाऱ्या अर्काचा मोठा वाटा भारतातून जातो, मुख्यतः कर्नाटक-तामिळनाडूच्या शेतांतून. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेलं, तिथून आशियात आलं, आणि आपल्या मातीत असं रुजलं की त्याच्याशिवाय आपलं एकही कार्य पार पडत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याची गणना घायपाताच्या प्रजातीत करतात. बांधावरच्या त्या काटेरी, दोर वळायच्या घायपाताचा हा भाऊबंद आहे हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आपलं कार्य म्हटलं की मात्र अडचण येते. फ्रेंच बाईला निशिगंधाच्या वासाने रात्र आठवत असेल. मराठी नाकाला आधी हार आठवतो. सत्काराचा, मंडपाचा, तसबिरीवरचा. लग्नातही तोच आणि मयतालाही तोच. माझ्या सासूबाई पहिल्यांदा हा वास आला तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "कुणाचा सत्कार आहे का आज? हारांचा वास येतोय." त्यांचं नाक चुकलं नव्हतं. परफ्यूम पारखताना हा सगळा गोतावळा बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये. वासाबरोबर आठवण येणारच. पण थांबता येतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले होते, तेव्हा त्यांनी माझा हात ओढून मनगट हुंगलं. "आता बरं वाटतंय गं. हार गेले. आता चंदन आलंय." नाव, साल, किंमत काहीही माहीत नसलेल्या माणसाचं हे मत मी फार मोलाचं मानते.

त्यांना आलं ते चंदन या परफ्यूमचा शेवटचा अंक. तीन-चार तासांनी लोणी वितळून जातं, आयरिसची भुकटी राहते, आणि तिच्याखाली चंदन, कस्तुरीसारखी ऊब आणि शेवाळी, तुरट असा एक वास. म्हैसूरचं चंदनतेल त्या काळात फ्रेंच परफ्यूमवाल्यांच्या हाताशी असे. आज ते इतकं दुर्मीळ आणि महाग आहे की तसा हात सैल सोडणं परवडत नाही. तो तुरट वास ओकमॉसचा. ओकच्या झाडावर वाढणारं हे दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातलं. मसाल्याचा डबा उघडून दगडफूल हुंगून पाहा. कोरडी साल, पावसाने भिजून वाळलेला दगड. फुलांच्या गोडीखाली हा खडक नसेल तर वरची सगळी गोडी घसरून जाते. ओकमॉसमधल्या अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल या दोन रेणूंनी अनेकांच्या त्वचेला अॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने 2017च्या नियमाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांना बंदी केली. अॅलर्जीचा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांच्यापुढे माझी हळहळ लहान आहे, हे मी जाणते. हळहळ आहे ती आहेच.

म्हणून नव्याची आणि जुन्याची तुलना करताना न्यायाने करावी. फ्राका 1990च्या दशकात नव्या मालकीखाली पुन्हा बाजारात आलं आणि आजही मिळतं. ते चांगलं आहे. त्याची सुरुवात जिवंत आहे, संत्र्याचा मोहोर लखलखीत आहे, जे माझ्या बाटलीत आता कधीच सापडणार नाही. निशिगंधही खणखणीत आहे. पण ते एका उंचीवर राहतं. सुरू होतं तसंच संपतं. जुनं मात्र उतरत जातं: मोहोर, फूल, गजरा, भुकटी, चंदन, दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी सुती साडीच्या पदरात जे राहिलेलं असतं ते आता फूलही नसतं, नुसती माणसाची ऊब असते. एका मनगटावर नवं आणि दुसऱ्यावर जुनं लावून मी कितीतरी संध्याकाळी बसले आहे. पहिल्या तासाला नवं जिंकतं. चौथ्या तासाला जुन्याच्या जवळपासही ते येत नाही. मला दोन्हींतलं एकच ठेवायचं असेल तर मी जुनं ठेवीन, त्याच्या मोडक्या सुरुवातीसकट.

ऋतूंचंही सांगते. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्राका लावणं धाडसाचं. एक थेंब सगळ्या रिक्षाला पुरतो, आणि शेजारी बसलेल्याला तो नको असेल तर त्याला सुटका नाही. वातानुकूलित कचेरीत ते आवळून बसतं, नुसतं लोणी राहतं, फूल येत नाही. त्याचा खरा हंगाम भाद्रपद-आश्विनातला. हवेत ओल असते, ऊब असते, त्वचा कोरडी नसते. अशा संध्याकाळी थोडंसं लावलं तरी वास अंगाभोवती हातभर अंतरावर दरवळत राहतो, पुढे धावत नाही. बागेतला निशिगंध त्याच दिवसांत भरात असतो, यात काही नवल नाही.

आणि हे जपून. जुन्या परफ्यूममधलं बर्गमॉटचं तेल आजच्यासारखं शुद्ध केलेलं नसे. त्यातल्या बर्गाप्टेन या घटकावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि तिथे तपकिरी डाग पडतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. पॅरिसच्या हिवाळ्यात याची फारशी फिकीर नसेल, आपल्या उन्हात आहे. जुनी बाटली दिवसा गळ्याला, मानेला लावून बाहेर पडू नये. रात्रीच लावावं. आणि पांढऱ्या रेशमावर तर कधीच नको, काळवंडलेल्या द्रवाचा डाग निघत नाही.

फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाची संस्था आहे, 1990 साली सुरू झालेली. जगातली जुनी, बंद पडलेली, बदललेली परफ्यूम तिथे 12 अंश तापमानाच्या तळघरात, अंधारात, बाटलीतल्या हवेच्या जागी आरगॉन वायू भरून ठेवली आहेत. जिथे शक्य आहे तिथे मूळ कृतीवरून ती पुन्हा बनवलेली आहेत. हे मोठं काम आहे. पण घरात आपण काही तळघर बांधणार नाही. मावशीच्या कपाटाने अंधार दिला, बूच घट्ट बसलेलं होतं, म्हणून निदान फूल वाचलं. अर्धी रिकामी झालेली बाटली मात्र आता स्वतःच्याच पोटातल्या हवेने दर वर्षी थोडी थोडी विटत आहे. ती जपून ठेवली तर पुढच्या पिढीच्या हाती फक्त कडवटपणा लागेल.

म्हणून मी ती वापरते. मावशीकडे जाते तेव्हा आवर्जून लावून जाते. तिच्या मनगटालाही टेकवते, आणि ती "पुरे, पुरे" म्हणते पण हात मागे घेत नाही. तुमच्या घरी, आईच्या, आजीच्या, आत्याच्या कपाटात अशी एखादी बाटली असेल तर पहिल्या खवट वासाला घाबरून फेकू नका आणि शोभेला ठेवूनही देऊ नका. ऊन उतरल्यावर मनगटाला एक थेंब लावा, चोळू नका, अर्धा तास थांबा, मग मत बनवा. ज्यांची ती बाटली आहे त्यांनाही लावा. आणि बूच लगेच घट्ट बसवा.